कमी आवाजाचा सायलेन्सर पायजे – स्प्लेंडर २०१४, बजेट दोन-अडीच हजार

रातपाळी_दारव्हा

राम राम मंडळी. गाडी स्प्लेंडर प्लस हाये, २०१४ ची, कार्बुरेटरवाली. दिवाळीपासून सायलेन्सर भल्ला वाजून रायला. इथं जे पायलं त्यात सगळे आवाज वाढवाचंच विचारतेत, मले उलटं पायजे. गाडी नवी होती तेव्हा जेवढी शांत होती तेवढी तरी झाली पायजे, त्याहून कमी झाली तं बेसच.

कारण असं का आमच्या फिडरवर शेतीची थ्री फेज लाईन काही दिवस दिवसा अन् काही दिवस रातची असते. रातची पाळी आली का हरभऱ्याले पानी द्याले बारा-एकले निघा लागते अन् पहाटे वापस. गल्ली अरुंद, दोन्हीकून भिंती, शेजारी ओली बाळंतीण हाये, अन् आमच्या बाबाची झोप एकदा उघडली का मंग लागतच नाई. जातानी गाडी मारोतीच्या पारापर्यंत ढकलत नेतो, पन येतानी आंग मोडलेलं असते तेव्हा ते होत नाई.

पार्टच्या दुकानात लोकल सायलेन्सर कंपनीच्या अर्ध्या किमतीत भेटून रायला, तो घेऊ का? ऑनलाइन छोटे गोल सायलेन्सर दिसतेत, आत डीबी किलर (आवाज दाबाची नळी) हाये म्हणते, त्यानं खरंच आवाज कमी होते का? अन् एक जण म्हणे का १५० सीसी गाडीचा मोठा डबा बसव, मोठा डबा म्हणजे कमी आवाज. मायलेज पडलं नाई पायजे, तालुक्याले रोजचं येणं-जाणं हाये.

बंडीवाला_मूर्तिजापूर

भाऊ आवाज कसा हाये ते पहिले सांग ना. फट फट येते, का भुस भुस, का आत काही खळखळते? अन् गाडी सोडली म्हणजे एक्सलेटर सोडल्यावर उतारावर फटाके मारते का? यावरून अर्धं समजते.

रातपाळी_दारव्हा

समोरून इंजिनजवळून चिक् चिक् अन् मागून भसाडा असा दोन्ही मिळून येते. हो, उतारावर फटाके मारते. खळखळ नाई वाटली, नीट ऐकून सांगतो.

गॅरेज_पुलगाव

मंग तू सायलेन्सर घ्याच्या आधी थांब. माह्याकडे महिन्यातून कितीक जण येतेत का सायलेन्सर बदला म्हणून, अन् निघते ते गॅस्केट. इंजिनच्या हेडला जिथं बेंड पाईप बसते तिथं आत एक तांब्याची रिंग असते, ती एकदा दबली का दबली, सायलेन्सर कधी कोणी काढून बसवला अन् जुनीच रिंग ठेवली तं तिथून गॅस फुकते अन् तेच ते चिक् चिक्. तिथून बाहेरची हवा पण आत ओढली जाते, मंग एक्सलेटर सोडल्यावर जे थोडं न जळलेलं पेट्रोल पाईपात जाते ते तिथं पेटते, तेच तुझे फटाके. हे दोन्ही एकाच रोगाचे लक्षण असू शकतेत. रिंगला शंभराची नोट मोडली तरी पैसे वापस येतेत.

घरीच पहा. सकाळी गाडी थंड असतानी चालू कर, आयडलवर राहू दे, जाड फडकं ओलं करून घडी घालून सायलेन्सरच्या मागच्या तोंडावर दाबून धर, दोन-चार सेकंदच, हात भाजवून घेऊ नको. सायलेन्सर शाबूत असला तं इंजिन गुदमरून बंद पडाले पायजे. बंद न पडता चालतच राहिली तं कुठून तरी गॅस निघून रायला, अन् त्या वेळेस फुस्स आवाज कुठून येते तिकडे दुसऱ्या माणसाला हात फिरवाले सांग (लावाचा नाही, जवळून फिरवाचा). समोर बेंडच्या कॉलरभोवती काजळी काळी उमटली असंल तं रिंग. खालून पोटाला येत असंल तं गंजून छेद पडला. डब्याचं पोट खालूनच सडते, वरून निकेल चकचकीत दिसते म्हणून माणूस फसते.

अन् एक अजून. सगळा आवाज सायलेन्सरचाच असते असं नाही. टॅपेट (इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट) ढिले असले तं टिक टिक, टायमिंग चैन ताणली असंल तं खरखर, चेन कव्हरचा नट पडला असंल तं पत्र्याचा आवाज, अन् एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट बसलं नसंल तं एक्सलेटर देल्यावर घों असा आवाज सीटच्या खालून येते अन् लोकाले वाटते सायलेन्सरच आहे. अरुंद गल्लीत हे सगळं भिंतीवर आपटून दुप्पट वाटते. टॅपेट थंड इंजिनवरच सेट कराले लाव.

कॉलेजरोड_अमरावती

मी तर म्हणतो ऑनलाइनवाला घे डीबी किलर टाकून. माझ्या मित्राने लावलाय, किलर टाकला की आवाज बराच कमी येतो, दिसायला पण भारी आणि वजनाला हलका. जुना डबा भंगारात.

तंत्र_सर_वर्धा

कॉलेजरोड, मित्राच्या गाडीत किलर काढल्यावर आणि टाकल्यावर जो फरक पडतो तो तुम्ही सांगताय. प्रश्न वेगळा आहे, किलर टाकलेला तो छोटा डबा कंपनीच्या सायलेन्सरपेक्षा शांत आहे का? १०० सीसी गाडीवर बहुतेक वेळा नसतो, आणि त्यामागे साधं कारण आहे.

फोर स्ट्रोक सिंगल सिलेंडर इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतं. म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) मिनिटाला १५०० ठोके, सेकंदाला २५. हा फार खालच्या पट्टीतला आवाज झाला, तोच धप धप, तोच भिंतीतून पलीकडे जातो आणि तोच बाळाला उठवतो. छोट्या गोल डब्यात आत जाळीची नळी आणि भोवती ग्लासवूल एवढंच असतं. वूल वरच्या पट्टीतला, चरचरीत आवाज चांगला शोषतं, पण खालच्या पट्टीतल्या ठोक्याला त्याचा फार उपयोग नाही. त्यासाठी डब्यात जागा लागते, कप्पे लागतात, गॅसने एका कप्प्यातून दुसऱ्यात वळसे घालत जायला पाहिजे म्हणजे आवाजाच्या लाटा उलट आपटून एकमेकांना मारतात. कंपनीचा लांबलचक डबा म्हणूनच लांबलचक आहे, त्याच्या आत तीन-चार खोल्या केलेल्या असतात. शिवाय वूल उष्णतेने जळत जातं, थोडं थोडं बाहेर उडून जातं, आणि आज शांत वाटलेला डबा वर्षभरात ओरडायला लागतो. पुन्हा वूल भरायला तो उघडता येणारा पाहिजे, स्वस्तातले बरेचसे रिवेट मारून बंद केलेले असतात.

डीबी किलर म्हणजे मागच्या तोंडात घातलेली बारीक नळी. त्याने वाट आवळली जाते म्हणून आवाज थोडा दबतो, पण छोट्या इंजिनाचा दम पण दबतो.

आता कायद्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२० सायलेन्सरचाच आहे, चालू स्थितीतला सायलेन्सर प्रत्येक गाडीला हवाच. ८० ते १७५ सीसी मोटरसायकलला कंपनीतून निघताना ७७ डेसिबलची मर्यादा आहे, ८० सीसीपर्यंत ७५ आणि १७५ च्या वर ८०. ही मोजणी चालत्या गाडीची साडेसात मीटरवरून करतात, त्यामुळे सायलेन्सरला मोबाईल चिकटवून ९० आलं म्हणून कोणी घाबरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाज आणि धुराचे नियम मोडले तर पहिल्या वेळेला १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे. शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर काढून रोडरोलरखाली घातल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

आणि रातपाळी भाऊ, तुमच्या मनात आलेली गोष्ट कायद्याच्याही मनात आहे. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ राहत्या वस्तीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. ती एका गाडीसाठी नाही, पूर्ण परिसरासाठी आहे, पण खेड्यातली रात्र मुळातच एवढी शांत असते की एक फुटका सायलेन्सर अख्ख्या आळीला उठवतो.

जागल_चिमूर

आमच्याकडे उलटं हाये भाऊ, जागलीले (रातची पिकाची राखण) जातानी पांदणीनं गाडीचा आवाज असला तं रोही (नीलगाय) अन् डुक्कर आधीच बाजूले होते. शांत गाडीसमोर रोही आडवा आला तं माणूस जाते. हे पण ध्यानात ठेवजो.

रातपाळी_दारव्हा

जागल भाऊ बरोबर हाये तुमचं, पन त्याच्यासाठी मी हेडलाईट चांगला करून घेतला अन् पांदणीत दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाई. गावातली झोप मोडून रोही हाकलणं मले पटत नाई.

गॅरेज भाऊ, फडकं लावून पायलं. इंजिन बंद पडलं नाई. समोर कॉलरले काजळी हायेच, अन् खालून डब्याच्या पोटाले हात फिरवला तं गरम हवा लागली, स्क्रू ड्रायव्हरनं टोचलं तं पापुद्रा निघाला अन् बोट जाईन एवढा छेद पडला. हातोडीच्या दांड्यानं ठोकून पायलं तं आत खळखळ पन थोडी येते. आता काय कराव? वेल्डिंगवाला म्हणते दोनशेत पट्टी मारून देतो.

गॅरेज_पुलगाव

टोचून पायलं ते बेस केलं.

पट्टीचं सांगतो. पत्रा एका जागी सडला असंल अन् आजूबाजूला टणक असंल तं पट्टी चालते. तुह्या डब्याचा पापुद्रा निघून रायला म्हणजे बाजूचा पत्रा पण कागदाएवढा राहिला, आर्क वेल्डिंगची काडी लागली का छेद अजून मोठा होते. गॅसवर पितळ भरून देणारा कारागीर भेटला तं तो पातळ पत्रा सांभाळते, पण तसे कारागीर आता कमीच. अन् आतली जाळी सुटली आहे ती पट्टीनं जोडल्या जाणार नाही, त्यासाठी डबा कापून आतल्या चकत्या वेल्ड करून परत बंद करा लागते, १० वर्षं जुन्या डब्यावर तो खर्च मी करायले सांगणार नाही. ते एपॉक्सीचं सील लावाचं तं डोक्यातच आणू नको, सायलेन्सरच्या गरमीत जळून पडते.

१५० सीसीचा डबा? जागा जास्त म्हणून आवाज कमी होईन हे खरं आहे, पण बेंडचा व्यास जुळत नाही, मधात जोड बनवा लागते, मागचा माउंटिंग बोल्ट वेगळ्या जागी येते, जास्तीचं वजन बोल्ट बसते त्या एका कानावर (पत्र्याच्या पकडीवर) लटकते अन् आपल्या खड्ड्यात तो कान तुटते. नाही कराचं.

म्हणजे राहिले दोन. कंपनीचा ओरिजिनल किंवा चांगला लोकल. माह्या मतानं शांत पायजे असंल तं ओरिजिनलच, त्याला तोड नाही, बजेट वाढवता आलं तं वाढव. नाही आलं तं लोकल घे, पण असा डोळे मिटून घेऊ नको, दुकानात दोन-तीन नग काढाले लाव अन् पहा.

पहिले हातात घेऊन वजन कर. तुह्या जुन्यापेक्षा लय हलका लागला तं आत चकत्या कमी आहेत अन् पत्रा पातळ आहे, तो वाजणारच. दुसरं, मागच्या तोंडातून मोबाईलची टॉर्च मारून पहा. आरपार सरळ नळी दिसली तं ठेवून दे. आत आडवी भिंत दिसाले पायजे, अन् बारीक नळी एका बाजूला गेलेली दिसाले पायजे. तिसरं, हालवून पहा, नवीनमध्येच काही हाललं तं संपलं. चौथं, बोटानं ठोकून आवाज ऐक, टण्ण असा घुमला तं एकेरी पातळ पत्रा, दबका आला तं चांगला. मंग बेंड अन् डब्याच्या जोडावरची वेल्डिंग पूर्ण गोल फिरली आहे का, का तीन-चार टिपके मारून सोडली ते पहा. अन् समोरच्या तोंडाची कडा सपाट पायजे, ती वाकडी असंल तं नवीन रिंग टाकून पण गॅस फुकणारच.

दुकानदार पाहू देत नसंल तं दुसरं दुकान.

संत्रा_मोर्शी

विषय निघालाच तं विचारतो, माझी गाडी २०२१ ची बीएस६, फ्युएल इंजेक्शन, तिलाही असाच लोकल चालते का?

तंत्र_सर_वर्धा

मोर्शीकर, तुमच्या गाडीला नका लावू. तुमच्या सायलेन्सरच्या आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर महागड्या धातूंचा मुलामा असतो आणि ती विषारी वायू कमी करते, थोडा आवाजही खाते. ओरिजिनलची किंमत जास्त का, तर यामुळे. शिवाय एक्झॉस्टच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो, तो बघून ईसीयू (इंजिनचा छोटा कॉम्प्युटर) पेट्रोल किती सोडायचं ठरवतो. लोकल पाईपला सेन्सरसाठी आटे नसले किंवा चुकीच्या जागी असले तर मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागेल आणि पेट्रोलचा हिशोब बिघडेल. पीयूसीमध्येही अडचण येईल. तुम्हाला ओरिजिनलशिवाय मार्ग नाही, किंवा अपघातातल्या गाडीचा सुस्थितीतला मिळाला तर तो.

रातपाळींच्या जुन्या कार्बुरेटर गाडीला सेन्सरचा प्रश्न नाही. त्यांच्या मायलेजबद्दल एवढंच, कंपनीसारख्या आकाराचा सायलेन्सर लावला तर मायलेज पडायचं काही कारण नाही, उलट समोरची गळती बंद झाल्याने गाडी नीट चालेल. लावायच्या आधी आणि नंतर मोबाईलवर आवाज मोजायचा असेल तर सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, ४५ अंशात बाजूला, त्याच जागी, त्याच आरपीएमला दोन्ही वेळा मोजा. मोबाईलचा आकडा बरोबर नसतो पण फरक कळतो. १० डेसिबल कमी झालं तर कानाला साधारण निम्मा आवाज वाटतो.

बंडीवाला_मूर्तिजापूर

सर, डबा खालूनच काहून सडते? माहा पन तिथूनच गेला होता.

तंत्र_सर_वर्धा

पेट्रोल जळालं की धुरासोबत पाण्याची वाफ पण निघते. सायलेन्सर पूर्ण तापला तर वाफ बाहेर निघून जाते. पण घर ते शेत एवढंच दोन-तीन किलोमीटर गाडी चालली तर डबा तापतच नाही, वाफेचं पाणी होऊन तळाला साचतं, आणि ते नुसतं पाणी नसतं, जरासं आम्ल असतं. म्हणून पत्रा आतून सडतो. बऱ्याच डब्यांना खाली एक बारीक छिद्र असतं ते पाणी निघायलाच असतं, चिखलाने बुजलेलं असेल तर तारेने मोकळं करा. त्याला गंजाचा छेद समजून बुजवू नका.

बाहेरून आपल्याकडे दुसरं कारण आहे, खत. डीएपी, पोटॅशच्या बॅगा आपण गाडीवर नेतो, बॅग फाटकी असली की दाणे सायलेन्सरवर पडतात, पोटॅश म्हणजे क्लोराइडचं मीठच आहे, ओल मिळाली की लोखंड खातं. खत वाहून झालं की थंड सायलेन्सर साध्या पाण्याने धुवा आणि मग गाडी थोडी चालवून सुकवा. पावसाळ्यात काळी माती डब्याला लिंपलेली राहते, तीही ओल धरून बसते, खरवडून काढा.

रातपाळी_दारव्हा

पोटॅशचं कोणीच सांगितलं नोतं आजपर्यंत. माह्या गाडीवरच सगळं खत येते.

दुकानात जाऊन आलो. लोकलचे तीन नग काढाले लावले. दोन तं हातात घेतल्याबरोबर हलके लागले, एकात टॉर्च मारली तं सरळ उजेड पार. तिसरा वजनदार होता, आत आडवी चकती दिसली, जोड पूर्ण गोल. पन बाजूलेच कंपनीच्या पार्टवाल्याकडे विचारलं तं ओरिजिनलचा भाव मी समजलो होतो तेवढा जास्त नाई निघाला, माह्या बजेटच्या हजारेक वर. घरी बोललो. बाबा म्हणे तूर विकली का घे, तोवर रिंग टाकून चालव. बायको म्हणे आताच घे, शेजारची बाळंतीण उन्हाळ्यापर्यंत थांबणार हाये का. ओरिजिनलच घेऊन रायलो. सोबत दोन रिंगा घेतो, एक राखीव.

गॅरेज भाऊ, घरी बसवू शकतो का मी? पाने हायेत.

गॅरेज_पुलगाव

बसवू शकतो, अवघड नाही. फक्त जुना काढतानी समोरचे दोन नट सांभाळ, त्याचे स्टड (आट्याचे दांडे) हेडमध्ये म्हणजे ॲल्युमिनियममध्ये बसलेले असतेत, गंजलेल्या नटावर जोर लावला का स्टड तुटते अन् मंग खराद्याकडे जा लागते. आदल्या रात्री गंज सोडवाचं तेल मारून ठेव, सकाळी गाडी थोडी कोमट करून खोल. अडला तं मागे-पुढे, मागे-पुढे असा हळू हळू सोडव.

जुनी रिंग आत चिकटून बसलेली असते, दिसत नाही, ती खरवडून काढ. तिच्यावरच नवीन बसवली तं गॅस फुकते. नवीन सायलेन्सर लावतानी समोरचे नट हातानं लाव, मागचा बोल्ट पण ढिलाच लाव, मंग समोरचे दोन्ही नट आळीपाळीनं थोडे थोडे कसत जाय, अन् मागचा सगळ्यात शेवटी. मागचा आधी कसला तं बेंडला पीळ बसते, रिंग एका बाजूनंच दबते अन् गाडीत झिणझिण येते. मागच्या माउंटिंगला रबर-बुश असंल अन् पिचकला असंल तं तो पण नवीन टाक, थरथर फ्रेममध्ये जाणं कमी होते.

चालू कराच्या आधी निकेलवरचे तेलकट हात कोरड्या फडक्यानं पुसून काढ, नाही तं डाग जळून पक्के बसतेत. पहिल्यांदा थोडा धूर अन् वास येईन, ते आतलं तेल जळते, घाबरू नको. एक-दोन दिवस चालवून गाडी थंड झाल्यावर समोरचे नट परत एकदा पाहून घे, रिंग दबल्यावर थोडे ढिले होतेत.

रात्री गल्लीतून येतानी पहिल्या गिअरमध्ये रेस करत येऊ नको, दुसऱ्यात टाकून एक्सलेटर अगदी थोडा ठेव. अन् जुना डबा लगेच भंगारात देऊ नको, समोरची कॉलर, वरचं पायाला चटका लागू नये म्हणून असते ते जाळीचं कव्हर अन् त्याचे स्क्रू नवीनसोबत येतेत का ते आधी पहा, काही वेळेस ते वेगळे घ्या लागतेत.

रातपाळी_दारव्हा

कव्हर वेगळं हाये म्हणे, विचारून घेतलं. जुनं साबूत हाये तेच लावतो. तेल मारून ठेवलं आज संध्याकाळी.